तीन पुकारे

परवा विद्यापीठातून एक मुलगी माझ्या घरी आली. खांद्याला पिशवी, हातात छापील फॉर्म. तिच्या प्रबंधाचा विषय होता, 'प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचं उद्बोधन आणि महाविद्यालयातली गळती'. म्हणाली, "काका, मी बऱ्याच कॉलेजांचे जुने पट तपासले. पहिल्या वर्षाची मुलं दिवाळीपर्यंत भराभर कमी होतात. तुमच्या कॉलेजात मात्र सत्याऐंशीपासून गळती एकदम थांबल्यासारखी दिसते. कशामुळं, ते कागदावर कुठंच नाही. प्राचार्यबाई म्हणाल्या, रामकिसनमामांना विचारा."

सत्तरी ओलांडलेल्या शिपायाचं घर शोधत कुणी येतं, याचं मला बरं वाटलं. कशाला लपवू? मी बायकोला दोनदा चहा ठेवायला लावला. पोरीनं फॉर्म उघडला. उद्बोधनाचा कालावधी, उद्बोधनाचं स्वरूप, वापरलेली साधनं, असे रकाने. "साधनं काय लिहू?" तिनं विचारलं.

"लिही, रामकिसनचा गळा."

ती हसली. मी काही हसण्यासारखं बोललो नव्हतो.

देवानं मला बाकी सगळं देताना हात आखडता घेतला, पण आवाज सढळ दिला. त्याच्या जोरावर मी अकरा वर्षं तालुक्याच्या कोर्टात रोजंदारीवर पट्टेवाला होतो. दारात उभं राहून पुकारा करायचा. "अमुक वल्द तमुक, राहणार अमुक, हाजिर हो!" माझा पुकारा बसस्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत जायचा. वकील लोक चहा अर्धा टाकून पळत यायचे. आणि पुकारा व्हायच्या आत कुणी उंबऱ्यात पाय ठेवला, तर त्याची मी अशी काही खरडपट्टी काढायचो, की तो परत कोर्टाची पायरी चढताना दहादा विचार करील. आवाजाबरोबर गुर्मी फुकट मिळाली होती.

कायम करतील म्हणून अकरा वर्षं वाट पाहिली. नाही केलं. मग ऐंशी साली शहरात आलो आणि या कॉलेजात शिपाई झालो. कॉलेज जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये भरायचं, सकाळी सात ते साडेदहा. दुपारच्या पाळीला कामावर जाणाऱ्यांना शिकता यावं, ही कल्पना. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. चिकलठाण्याला भोंगे वाजत होते, वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते, एसटीच्या प्रत्येक गाडीतून कामाच्या शोधात आलेली माणसं उतरत होती. आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, म्हणून लढा चालू होता. मोर्चे, बंद, जमावबंदी. खेड्यांमधून घरं जळाल्याच्या बातम्या यायच्या. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा नामांतराच्या बाजूचा नव्हतो. आमच्या भावकीत जे बोललं जायचं तेच मीही बोलायचो. नावानं काय पोट भरतं का?

जुलैत पहिल्या वर्षाला एकशेवीस पोरं यायची. दिवाळीला साठ उरायची. प्राध्यापक म्हणायचे, कारखान्यांनी पळवली. हेडक्लार्क सूर्यभान म्हणायचा, आंदोलनानं बिघडवली. मी म्हणायचो, खेड्यातली पोरं, दम नाही. ज्याला त्याला आपापलं उत्तर पाठ होतं, त्यामुळं गेलेल्या पोरांना कुणी विचारलंच नाही.

सत्याऐंशीच्या जुलैत कॉलेज सुरू होऊन आठ दिवस झाले होते. शुक्रवार होता. व्हरांड्याच्या टोकाला एक घडीव दगड पडलेला होता, त्यावर एक पोरगी बसलेली असायची. घट्ट वेणी, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नवी वही. पहिल्या दिवसापासून मी तिला बघत होतो. मला वाटलं, कुणाची तरी बहीण सोबत येत असेल. त्या दिवशी झाडता झाडता मी तिच्यापाशी थांबलो.

"ए पोरी, कोणाची वाट बघायलीस रोज?"

ती झटकन उभी राहिली. "पुकाऱ्याची, मामा."

"कसला पुकारा?"

"माझ्या नावाचा. तुमीच म्हणले व्हते ना, बाहीर बसा, नाव पुकारल्याबिगर कोनी आत यायचं नाय."

म्हणालो होतो. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर झुंबड उडाली, तेव्हा कोर्टातल्या सवयीनं ओरडलो होतो. ते त्या दिवसापुरतं होतं. ही पोरगी ते वाक्य उराशी धरून आठ दिवस दगडावर बसली होती.

यावर शहाण्या माणसानं काय करावं? मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो, आणि माझा आवाज तर तुम्हाला सांगितलाच. व्हरांड्यातली चार पोरं वळून बघायला लागली आणि माझ्यासारखीच हसली. "अगं येडे, हे काय कोर्ट हाय का? सातला घंटा व्हती, आपापल्या खोलीत जाऊन बसायचं!"

"कोन्त्या खोलीत?"

"तिथं बोर्डावर लिवलंय की!"

तिनं बोर्डाकडं पाहिलं. इंग्रजी अक्षरं, कंसात आकडे, रेघोट्या. ते वेळापत्रक मलाही कधी कळलं नव्हतं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, वही छातीशी धरली आणि फाटकाकडं निघाली. जाता जाता म्हणाली, "माझा बाप सांगत व्हता, मोठ्या दारात आपन व्हऊन पाय ठिवू नये. खरंच हाय ते."

शनिवारी सूर्यभाननं माझ्या हातात यादी आणि खळीचा डबा दिला. सुरुवातीचे आठ दिवस सलग गैरहजर राहिलेल्यांची नावं कमी करायची आणि प्रतीक्षा यादीतल्यांना जागा द्यायची, असा कॉलेजचा नियम होता. चौदा नावं होती. शेवटचं नाव, मुक्ता मल्हारराव, राहणार पिशोर. दगडावरच्या पोरीच्या वहीवर 'मुक्ता' असंच लिहिलेलं होतं.

मल्हारराव, राहणार पिशोर. हे नाव मी पुकारलेलं होतं. माणसं विसरतो मी, पुकारलेली नावं विसरत नाही. मेंढरं कुणाच्या तरी करडईत शिरली म्हणून खटला होता. बारा-तेरा वर्षं झाली असतील. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक मेंढपाळ आणि त्याचं बोट धरलेली पाचेक वर्षांची पोर. आत आपलं नाव निघाल्याचं त्याच्या कानावर पडलं आणि पुकारा व्हायच्या आत त्यानं उंबऱ्यात पाय ठेवला. मी त्याला छातीला हात लावून मागं लोटलं. त्याचं मुंडासं खाली पडलं. सगळे बघत होते. पोरीनं ते उचललं, फ्रॉकला झटकलं आणि बापाच्या हातात दिलं.

तीच ही. दारात थांबायला तिला मीच शिकवलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. आणि थांबली म्हणून हसलोही मीच.

यादी घेऊन मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो. नानासाहेब म्हणजे मोठ्या शेतकरी घरातला, कायम घाईतला माणूस. बोलताना सही करायचे आणि सही करताना बोलायचे.

"साहेब, ही यादी मला लावता येणार नाही."

"का? खळ संपली?"

"ही पोरं गैरहजर नाहीत, साहेब. कोर्टात तीनदा पुकारा झाल्याशिवाय कुणाला गैरहजर लिहीत नाहीत. खुनी असला तरी त्याला तीन पुकारे मिळतात. आपण या पोरांना एकदाही पुकारलं नाही. यातली एक तर आठही दिवस व्हरांड्यात बसून होती. मी साक्षीदार आहे."

सूर्यभान माझ्या मागोमाग आलाच होता. "रामकिसन, हे कॉलेज आहे. कोर्ट नाही."

आदल्या दिवशी मी पोरीला हेच ऐकवलं होतं, म्हणून मला ते जास्तच झोंबलं. मी काय काय बोललो ते आता सगळं आठवत नाही. शेवटी टेबलावर यादी ठेवून म्हणालो की नावं कमी करायची तर दुसऱ्या शिपायाकडून लावून घ्या. दुसरा शिपाई कॉलेजात नव्हता.

नानासाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पेन खाली ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "ठीक आहे. सोमवारी सात वाजता, माझ्यासमोर. तीन पुकारे. जो हजर होईल त्याचं नाव राहील. जो होणार नाही त्याचं त्याच दिवशी कमी. त्यानंतर मला कायदा शिकवायचा नाही."

आता चौदा जणांना सोमवारचा निरोप कोण देणार? मला धोंडिबा आठवला. शेंद्र्याचा पोरगा, दुसऱ्या वर्षाला, नामांतराच्या मोर्चांत सगळ्यात पुढं. मोर्चाचा निरोप एका दिवसात शहरभर पोचवणारा. एरवी आमचं फारसं सख्य नव्हतं. त्यानं यादी वाचली, घडी करून खिशात घातली.

"तेरा मी गाठतो मामा. पर एक सांगतो. पुकारताना आडनाव घ्यायचं नाय. नाव, बापाचं नाव, गाव, बास. आडनाव कानावर पडलं की पोरं बाक बदलतेत."

मी कबूल झालो. चौदावं नाव मी स्वतःकडं ठेवलं.

रविवारी दुपारी प्रवेशाच्या फॉर्मवरचा पत्ता शोधत मुकुंदवाडी गाठली. मल्हाररावानं मेंढरं विकून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली होती. पत्र्याच्या खोलीपुढं खाकी सदऱ्याला बटण लावत बसला होता. मी तोंड उघडून एवढंच विचारलं, "मल्हारराव इथंच राहतात का?" त्यानं वर बघायच्या आधीच म्हटलं, "या, पट्टेवाले."

आवाज ओळखला होता त्यानं. बसायला घोंगडी टाकली. त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दार उघडं होतं, आत चुलीपाशी मुक्ता भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

मी म्हणालो, "मल्हारराव, माझं चुकलं. एकदा तुमच्या बाबतीत, एकदा पोरीच्या बाबतीत." हे वाक्य मी रस्ताभर घोटलं होतं. मग सोमवारचं सगळं सांगितलं.

तो सुई चालवत राहिला. "सोमवारी आठ वाजता तिला आमच्या कारखान्यात बोलावलंय. पॅकिंगला. साहेबाला म्या हात जोडले तवा जमलं."

"पोरगी बारावीला पिशोरात पहिली आलेली आहे, मल्हारराव."

"ठाव हाय मला. माझीच हाय." त्यानं दोरा दातानं तोडला. "एक इचारू? बाजारातून नवी मेंढी आनली की आमी तिला कळपात तशीच सोडत नाय. ही आमच्या घरची रीत. आठ दिस जुन्या मेंढीच्या जोडीला बांधून चारायची. जुनी तिला पानी दावती, सावली दावती, कुत्रं आपलं कोन्तं ते दावती. तशी नाय बांधली तर नवी बिचकती, अन् ज्या वाटंनं आली त्याच वाटंनं पळत सुटती. मंग येडा मालक म्हनतो, मेंढीच नादान निघाली." सदरा त्यानं झटकला. "माझी पोर आठ दिस तुमच्या दगडावर बसली. एवढ्या मोठ्या कालिजात एक जुनी मेंढी नाय भेटली तिला?"

सात वर्षं 'दम नाही' म्हणणारा येडा मालक त्याच्यासमोर बसला होता.

"सोमवारी भेटेल," मी म्हणालो. "ते माझ्याकडं लागलं."

"बघू. म्या तिला आनायचा नाय अन् अडवायचाबी नाय. तिचं ती ठरवील."

आतून भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

तिथून मी थेट धोंडिबाला गाठलं आणि म्हणालो, नुसता पुकारा करून भागणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची जेवढी मिळतील तेवढी पोरं-पोरी उद्या पायरीपाशी उभी पाहिजेत. पुकारलेलं नवं पोरगं आत आलं की एका जुन्यानं त्याला जोडीला घ्यायचं. खोली दाखवायची, पाण्याचा नळ दाखवायचा, ग्रंथालयाचं कार्ड कसं काढायचं, बोर्ड कसा वाचायचा, कोणते सर चिडतात आणि कोणते नुसते ओरडतात, सगळं. आठ दिवस सोडायचं नाही. पुढं दर जुलैत हीच रीत पडली. मुक्तासाठी मी दुसऱ्या वर्षाची सत्यभामा सांगून ठेवली. तीही खेड्यातून आलेली, बोलायला खमकी.

सोमवारी सात वाजता मी पायरीवर उभा राहिलो. धुतलेला पांढरा ड्रेस, डोक्यावर टोपी. नानासाहेब खुर्ची टाकून बसले, शेजारी सूर्यभान पटाचं रजिस्टर उघडून. रात्रीतून माझ्या मनात आलं होतं, चौदाच का पुकारायचे? बाकीच्यांना तरी या दारातून कुणी नावानं बोलावलं होतं? मी सगळ्या वर्गाचीच यादी हातात घेतली. पहिल्या नावापासून. सात वर्षांत पहिल्यांदा पोटातून आवाज काढला आणि शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"सखाराम दगडू, राहणार अजिंठा, हाजिर हो!"

एक बारकुळं पोरगं गर्दीतून दचकत बाहेर आलं. "हजर," म्हणालं. धोंडिबानं पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि आत घेऊन गेला. मग दुसरं नाव. मग तिसरं. आठ दिवस वर्गात मागच्या बाकावर खाली मान घालून बसणारी पोरं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव एवढ्या मोठ्यानं ऐकून ताठ होऊन पायऱ्या चढत होती. काही हसत होती. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याचा बाप मागच्याच महिन्यात गेला होता. मी त्याच्या बापाचं नाव पुन्हा एकदा घेतलं.

मध्ये पाणी प्यायला थांबलो, तेव्हा धोंडिबा जवळ आला. हळूच म्हणाला, "मामा, दारातून आपलं नाव आलं की ते दार आपलं वाटतं. आमी विद्यापीठासाठी एवढंच मागायलोत." नावानं पोट भरतं का, हे त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघालं नाही. पुढं चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला ते नाव लागलं, तेव्हा धोंडिबानं तिळगुळाबरोबर पेढ्यांचा पुडा आणून दिला आणि मी तो भावकीतसुद्धा वाटला.

चौदांपैकी अकरा जण आले. दोघांना मी तीनदा पुकारलं. एक कारखान्यात लागला होता, दुसऱ्याला घरच्यांनी बंदच्या भीतीनं शहरात सोडलं नव्हतं. सूर्यभाननं त्यांच्या नावांवर रेघ ओढली. त्या रेघेचा आवाज मला ऐकू आला.

मुक्ताचा प्रवेश सगळ्यात शेवटी झालेला, म्हणून तिचं नाव एकशेविसावं. पावणेआठ झाले होते. आठला तिला कारखान्याच्या फाटकावर उभं राहायचं होतं.

"मुक्ता मल्हारराव, राहणार पिशोर, हाजिर हो!"

कुणी नाही. पायरीशी सत्यभामा एकटी उभी होती.

"मुक्ता मल्हारराव, राहणार पिशोर, हाजिर हो!"

सूर्यभाननं पेनाचं टोपण काढलं. नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं, पण या खेपेला घाई केली नाही. माझा घसा एकशेएकोणीस नावांनी सोलून निघाला होता. उभ्या आयुष्यात मी हजारो माणसं पुकारली, ती आली काय आणि न आली काय, मला सोयरसुतक नव्हतं. त्या दिवशी मात्र मी मनात खंडोबाला साकडं घातलं. डोळे मिटले आणि उरला होता नव्हता तेवढा सगळा आवाज लावला.

"मुक्ता... मल्हारराव... राहणार पिशोर... हाजिर हो!"

"हाजिर हाय!"

फाटकातून ती आत आली. घट्ट वेणी, छातीशी वही. पळत नव्हती, सावकाश चालत होती. पायरीपाशी येऊन तिनं माझ्याकडं सरळ बघितलं आणि सत्यभामानं तिचा हात धरला. पहिल्या पुकाऱ्यापासून ती फाटकाबाहेरच उभी होती म्हणे. हे तिनं मला फार पुढं सांगितलं, प्राचार्यांच्या खुर्चीत बसल्यावर. "मला बघायचं होतं मामा, तुम्ही तिसऱ्यांदा पुकारता की नाही."

नानासाहेब उठले. सूर्यभाननं पेनाला टोपण लावलं आणि रजिस्टर मिटलं. पोरं पांगायला लागली. तेवढ्यात मला फाटकाबाहेर खाकी सदरा दिसला. बटण नीट लावलेलं. मल्हारराव पोरीला आणायचा नाही म्हणाला होता, पण मुकुंदवाडीपासून तिच्या मागं चालत आला होता आणि आता फाटकाच्या एक पाऊल पलीकडं उभा होता. आत पाय ठेवत नव्हता. कुणाच्या धाकानं, ते मला माहीत होतं.

मी यादी पायरीवर ठेवली. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. त्याच्या बापाचं नाव मात्र त्या जुन्या खटल्यापासून माझ्या ध्यानात होतं. टोपी सारखी केली आणि पुन्हा एकदा पोटातून आवाज काढला.

"मल्हारराव केरबा, राहणार पिशोर, हाजिर हो!"

त्याला दुसऱ्यांदा पुकारावं लागलं नाही.